ओला फेटा

हेरवाडीच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष भूपालआण्णा पाटील मंगळवारी सकाळी चौगुल्यांच्या दारात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. यात्रा रविवारी आणि पेढे मंगळवारीच! माणूस विनाकारण गोड घेऊन आला की त्याच्या पोटात काहीतरी कडू असतं, हे शालनला चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. तिनं पुडा घेतला आणि न उघडता फळीवर ठेवून दिला.

"नाना, यंदा मैदानात तुझाच आवाज घुमणार बघ," खुर्चीत बसता बसता आण्णा म्हणाले. "कमिटीनं ठरीवलंय."

शालनचे यजमान हिंदुराव चौगुले, म्हणजे नाना, समोरच बसले होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. आण्णा तोवर पुढं निघाले होते, "फकस्त एक बारीक अडचण हाय..." आणि त्यांच्या वाक्याच्या मध्येच नानांच्या गळ्यातल्या पट्ट्यातून खणखणीत आवाज फुटला, "मग माझा न्हाई तर कुणाचा घुमणार?"

दोन सेकंद उशिरा. सगळं दुखणं या दोन सेकंदांचं होतं.

नाना कुस्तीचे निवेदक. तीस वर्षं पंचगंगेच्या दोन्ही काठांवर त्यांच्या आवाजाशिवाय मोठं मैदान झालं नाही. पैलवान कुठल्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्याच्या आज्ज्यानं कुणाला कुठल्या डावावर पाडलं होतं, सगळं तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरनं स्वरयंत्र काढावं लागलं. वर्षभर पाटी-पेन्सिलीवर संसार चालला. मग एका कंपनीचा पट्टा आला. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून मानेच्या स्नायूंना हुकूम सुटतात. स्वरयंत्र गेलं तरी हुकूम सुटायचे थांबत नाहीत. पट्ट्याच्या आतल्या चकत्या ते हुकूम टिपतात, आतला प्रोसेसर त्यांचे शब्द जुळवतो आणि जुन्या मैदानांच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेल्या नानांच्याच आवाजात म्हणून दाखवतो. नाना त्याला गळपट्टा म्हणत. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा, असं वर स्वतःच हसत.

चहा मागायला दोन सेकंदांचा उशीर चालतो. कुस्तीत तेवढ्या वेळात डाव होतो, त्यावर उलटा डाव होतो आणि पैलवान पाठीवर पडून आभाळ बघत असतो. मागच्या महिन्यात एका मैदानात नाना 'पट काढला, पट काढला' म्हणून गरजले, तेव्हा तो पट काढणारा चितपट होऊन अंगावरची माती झाडत होता. दहा हजार माणूस खदखदून हसलं. त्या दिवशी घरी येऊन नाना जेवले नाहीत.

"कंपनीनं यात्रेला एक मशीन दिलंय," आण्णा आता जमिनीकडं बघून बोलत होते. "चार कॅमेरे कुस्ती बघत्यात आन् मशीन बोलतंय. आवाज तुझाच. तू सही करून दिलास की, तोच. उशीर म्हणून न्हाई! तू फेटा बांधून स्टेजवर खुर्चीत बसायचं. वाटलं तर ओठ हलीव. लोकास्नी वाटंल तूच बोलालाईस."

सही खरी होती. दवाखान्यातल्या खाटेवर चाळीस पानांचा कागद पुढं आला होता. गेलेला आवाज परत मिळतोय म्हटल्यावर पानं कोण वाचत बसतो? पट्ट्यातला बारका प्रोसेसर दोन सेकंद मागं, आणि कंपनीच्या कपाटाएवढ्या मशीनवर तोच आवाज वाऱ्यासारखा पळणार, असा सगळा न्याय होता.

नानांनी पाटी ओढली. रागात बोलायचं झालं तर त्यांना अजून पाटीच जवळची वाटे. त्यांनी लिहिलं, 'मी बुजगावणं हाय का?' आणि खाली, पेन्सिल मोडेल इतकी दाबून, 'शेवटची कुस्ती मी बोलणार.'

आण्णा लहानपणापासूनचे मित्र. त्यांना नाही म्हणवेना. "बोल बाबा. पण ऐक. मैदानात तीन सेकंद शांतता पडली की मशीन आपोआप सुरू व्हतंय. मग मी बी ते बंद करणार न्हाई. मैदान गप ठेवून चालत न्हाई, हे तूच शिकीवलंस मला."

दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती ती भाग्यश्री, नानांची एकुलती एक लेक. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळक्या मोटारी येत, ती आतली काळी पडलेली तार काढी, नवी तार भरी, वार्निश मारी आणि मोटार उठवून परत पाठवी. इचलकरंजीत मामाच्या हाताखाली शिकलेली. हातमागाच्या वयाचे म्हातारे मिस्त्रीही तिच्याकडं मोटारी पाठवत. आण्णा गेल्यावर ती बापासमोर येऊन बसली.

"नाना, पट्टा उघडू का?"

"आगं ए!" शालन चुलीपुढून उठलीच. "कंपनीनं काय लिवलंय ठाऊक हाय न्हवं?"

ठाऊक होतं. दर सोमवारी पहाटे सहाला पट्टा कंपनीकडं आवाजाची परवानगी मागे. आत कुणी हात घातला असेल तर त्याची नोंद राही, ती पुसता येत नसे, आणि मग आवाज कायमचा काढून घेतला जाई. एकदा उघडला की परतीची वाट नाही. हातात मंगळवार ते सोमवार, एवढाच काय तो आठवडा.

"एका कुस्तीपायी आवाज घालीवणार?" शालन नवऱ्यासमोर उभी राहिली. "आवं, मला उशिरा आलेली हाक चालती. वर्षभर मी हाकंवाचून काढलंय. भांडी पडली तरी वाटायचं, तुम्हीच हाक मारली. तुमच्या त्या मैदानावर माझी हाक ववाळून टाकू?"

नानांचे ओठ हलले, आणि त्यांचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचायला नेहमीचा वेळ लागला. "शालन, माझ्याच आवाजानं मला मैदानातनं हाकललं तर त्यो आवाज घरात ठेवून काय करू? रोज त्याचं तोंड बघू?"

शालन आत गेली, आणि रविवारपर्यंत बापलेकीशी बोलली नाही. ताटं मात्र वेळेवर वाढली.

भाग्यश्रीनं त्याच दुपारी पट्टा उघडला.

प्रोसेसर म्हणजे ठोक्यावर चालणारी तालीम. वस्तादानं टाळी वाजवली की पोरांनी एक बैठक मारायची, पुढची टाळी, पुढची बैठक. कंपनीनं ही टाळी सेकंदाला ऐंशी कोटींवर बांधून ठेवली होती. नाना बोलू लागले की शब्द ज्या गतीनं येत त्या गतीनं या चिपला पचत नसत. ते मागं साठत, म्हणून उशीर. भाग्यश्रीनं हिशेब मांडला: टाळी एकशे तीस कोटींवर गेली तर साठायचं काही कारणच उरत नाही, उशीर पाव सेकंदावर येतो. पण टाळी वाढली की प्रत्येक बैठकीला वेळ कमी मिळतो. पोरगं अर्धवट उठलेलं असताना पुढची टाळी पडली की ताल बिघडला, चिप अडकली आणि पट्टा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला चाळीस सेकंद गेली. पोरानं झपाट्यानं उठावं म्हणून त्याला जास्त खुराक द्यावा लागतो. चिपचा खुराक म्हणजे व्होल्टेज.

आणि इथंच तिची चूक झाली. चूक म्हणजे काय, वीस वर्षांच्या कामानं हाडात भिनलेलं शहाणपणच ते. या भागात मोटारी जळतात त्या व्होल्टेज कमी पडून. विजेचा दाब उतरला की मोटार आपलं काम रेटायला जास्त करंट ओढते आणि तापते. दाब वाढवला की गार पडते. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. एकशे तीस कोटींवर चिप अडकली तेव्हा भाग्यश्रीनं ०.९० व्होल्टवरनं एकदम १.०५ वर उडी मारली, स्टॅबिलायझरचा खटका फिरवावा तशी. चिप चालली, तापली, अडकली. म्हणजे अजून भूक आहे, तिनं ठरवलं. १.२० केलं.

बुधवारी सकाळी ती आनंदात होती. नानांनी पट्टा घालून अख्खा पेपर मोठ्यानं वाचला, कुठं अडखळ नाही. पण रिकामी मोटार कुणाचीही फिरते, खरी परीक्षा लोडवर. तिनं जुन्या मैदानांचे व्हिडिओ आवाज बंद करून भिंतीवर लावले आणि म्हणाली, "बोला आता."

नाना बोलायला लागले आणि भाग्यश्रीच्या अंगावर काटा आला. दोन वर्षांनी तो आवाज कुस्तीच्या बरोबरीनं पळत होता. मधूनमधून ती पट्ट्यावर हात ठेवून मनात दहा म्हणायची. मोटारीच्या अंगावर हात ठेवून दहापर्यंत मोजता आलं तर मोटार सुखात आहे, ही मामाची शिकवण. दहा म्हणून झाले, हात पोळला नाही. सोळाव्या मिनिटाला पट्टा बंद पडला. तिनं तो काढला आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

नानांच्या मानेवर रुपयाएवढा फोड उठला होता. बाहेरचं प्लॅस्टिक गार, पण चिपची उष्णता आतल्या बाजूनं मानेत उतरत होती. ऑपरेशन आणि किरणांनी तिथली कातडी बधिर झालेली, नानांना काही कळलंच नव्हतं.

"मी भाजलं तुम्हास्नी," ती रडत म्हणाली. "माझ्या हातानं भाजलं."

नानांनी पाटी घेतली. 'कान फुटल्याबिगर पैलवान होत न्हाई,' त्यांनी लिहिलं, आणि मानेला लावायला स्वतःच हळद शोधू लागले. आतल्या खोलीतून शालननं न बोलता हळदीचा डबा सरकवला.

त्या दिवशी भाग्यश्रीनं हत्यारांना हात लावला नाही. नुसती आकडे बघत बसली. दुपारी कधीतरी तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. चिप म्हणजे मोटार नव्हे! चिपमध्ये व्होल्टेज दुप्पट केलं तर उष्णता चौपट होते. वर टाळीही वाढवलेली. म्हणजे तिनं त्या नखाएवढ्या तुकड्यात मूळच्या जवळपास तिप्पट जाळ पेटवला होता. आणि तापलेली चिप आणखी वीज गळू देते, आणखी अडखळते. पोरगं उपाशी नव्हतंच मुळी, खाऊन खाऊन सुस्त झालं होतं.

गुरुवारी सकाळी ती उलटी निघाली. आधी टाळी जुनीच ठेवली आणि व्होल्टेज केसाकेसानं उतरवत गेली. ०.७२ पर्यंत चिप सुखानं चालली. म्हणजे कंपनीनं सगळ्या चिपांना सरसकट, सगळ्यात मठ्ठ चिपला लागेल एवढा खुराक बांधून दिला होता, आणि सगळ्यात मठ्ठ चिपला झेपेल एवढीच टाळी. नानांची चिप जातिवंत निघाली होती. "ह्येला म्हणत्यात वर्गातल्या ढ पोराच्या मापानं समद्यांचं शर्ट शिवणं," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि तिला कंपनीचा असा काही राग आला की हातातला पाना तिनं भिंतीवर फेकला.

आता एकेक पायरी. टाळी थोडी वर, अडकली तर व्होल्टेज केसभर वर, लोडवर वीस मिनिटं कुस्ती, मग पुढची पायरी. गुरुवार असाच गेला, शुक्रवारही. शनिवारी दुपारी काटा सापडला: एकशे तीस कोटी, ०.९४ व्होल्ट. अट एकच, चिप साठ अंशांच्या खाली राहिली पाहिजे. दुकानात पंख्याखाली ती राहात होती. मैदानात, चैत्राच्या उन्हात, जिथं सावलीतच एकोणचाळीस, तिथं काय?

पाण्याच्या माठाकडं बघत ती उभी राहिली आणि हसली. माठाला कुठं वीज लागते? तिनं चिपवर तांब्याची एक पट्टी बसवली, वाइंडिंगचं वार्निश मारून तिला विजेपासून तोडली, मानेच्या बाजूनं जाड कागदाचे चार थर दिले आणि पट्टीचं टोक पट्ट्याच्या मागं बाहेर काढलं. त्यावर ओलं सुती कापड पडलं की झालं. कोरड्या हवेत पाणी उडत राहील आणि उष्णता घेऊन जाईल. आता एवढं मोठं ओलं कापड मैदानात कोण डोक्यावर घेऊन बसणार? फेटा! आठ मीटर सुती फेटा पाण्यात भिजवायचा, आणि त्याचा शेमला पाठीवर सोडायचा तो नेमका तांब्याच्या पट्टीवर.

त्या दुपारी शेवटची चाचणी चालू होती. भिंतीवर जुनी कुस्ती, नानांचा आवाज जोरात, आणि पट्टीवर फडकं ओलं करता करता भाग्यश्री स्वतःशीच पुटपुटली, "ढाक येणार." अर्ध्या सेकंदानं नाना म्हणाले, "ढाक!" मग बोलायचे थांबले आणि लेकीकडं वळून बघू लागले. ती ओशाळली. नऊ वर्षांची असताना तिनं मैदानात बापाच्या हातातला माईक घेऊन, डाव पडायच्या आत, असंच 'ढाक' म्हटलं होतं. लोक हसले होते, आणि नानांनी माईक हिसकावून घेतला होता. 'बाईच्या आवाजाचं हितं काम न्हाई.' तेव्हापासून ती कुस्ती गच्चीवरून आणि मोबाइलवर बघत आली. नाना पुन्हा भिंतीवरच्या कुस्तीकडं वळले. चाचणी पास झाली.

रविवारी दुपारी फेटा भिजवून तयार होता आणि बांधणारा तालमीतला माणूस आलाच नाही. मग शालन आतून आली, पदर खोचला आणि निथळता फेटा हातात घेतला.

"खाली बसा," ती म्हणाली. पाच दिवसांतला तिचा पहिला शब्द. "नवऱ्याला ओला फेटा बांधणारी मीच पहिली येडी असंन."

मैदान गच्च भरलं होतं. बारक्या-मोठ्या कुस्त्या मशीन बोललं. आवाज नानांचा, नावं बिनचूक, डाव बिनचूक. लोकांनी टाळ्याही दिल्या. नाना खुर्चीत बसून ऐकत होते आणि फेट्याचं पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. पाच वाजता शेवटची कुस्ती पुकारली गेली, समीर मुजावर आणि रणवीर खाडे. हलगी कडाडली. नाना उठले, पट्ट्याची तार भोंग्याला जोडली.

स्टेजखाली भाग्यश्री मोबाइलवर चिपचं तापमान बघत उभी होती. सत्तेचाळीस.

"सलामी झाली!" नाना म्हणाले, आणि सलामी त्याच क्षणी झाली होती. "समीर मुजावर, आज्जा चाँद मुजावर, ह्याच मातीत एका टांगंवर चार जणं लोळीवली! आन् समोर खाडे. खाडेचा उजवा अंगठा बघा, मातीत रुतवालाय. पट काढणार, काढणार..." आणि खाडे पटात शिरला.

लोकांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं आणि मैदान उठून उभं राहिलं. मशीन झालेलं सांगत होतं, नाना होणारं सांगत होते. तीस वर्षं मातीत घातलेली नजर होती ती, आणि तिला आता पाव सेकंदाचाच उंबरा होता. भूपालआण्णा स्टेजच्या कोपऱ्यात तोंडावर हात ठेवून बसले होते.

पंधरा मिनिटं झाली. बावन्न. वारा सुटला होता, फेटा भराभर वाळत होता. सतराव्या मिनिटाला छप्पन्न. एकोणिसाव्याला अठ्ठावन्न. फेट्यावर शिंपडायला आणलेलं बाटलीतलं पाणी संपलेलं. साठ झालं की चिप अडकणार, चाळीस सेकंद जाणार, तिसऱ्या सेकंदाला मशीन नानांच्याच आवाजात बोलायला लागणार, आणि नाना गप्प झाले हे कुणाला कळणारही नाही.

बाया बसतात ती जागा मागं होती. पुढं, आखाड्याच्या कडेला, पैलवानांसाठी पाण्याची घागर होती, तांब्यासकट. भाग्यश्री तिथं घुसली. "ए बाई, हितं न्हाई यायचं," कुणीतरी ओरडलं. "व्हय बाजूला!" ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. घागर उचलली, स्टेजच्या पायऱ्या चढली आणि अख्खी घागर बापाच्या डोक्यावर रिकामी केली.

मैदानात शिट्ट्या, आरोळ्या. नाना नखशिखांत भिजले, पण बोलणं तसूभर तुटलं नाही. "लेक बापाला आंघोळ घालालीय, तिकडं काय बघताय? हिकडं बघा! मुजावरनं मान धरली, खाडेचा डावा पाय हलका झालाय, आता कलाजंग, कलाजंग..." मुजावरनं खाडेला खांद्यावर घेतलं आणि आभाळ दाखवलं.

एक्कावन्न. भाग्यश्री रिकामी घागर धरून तिथंच खाली बसली आणि रडली.

घरी परतल्यावर, सोमवारपर्यंत उरलेल्या वेळाचं नाना काय करतील, याचं भाग्यश्रीला कुतूहल होतं. नानांनी काही विशेष केलं नाही. जेवायला बसले आणि म्हणाले, "शालन, मीठ." मीठ आलं. "शालन, ठेचा." मग नुसतंच, "शालन." पुन्हा, "शालन." एकाही हाकेला उशीर नव्हता.

"पुरं की आता," ती तोंड फिरवून म्हणाली. "ऐकू आलं."

सोमवारी सहाला पट्टा एकदा थरथरला. मोबाइलवर ओळ आली, 'नियमभंगामुळे आवाज मागे घेण्यात आला आहे.' जुन्या रेकॉर्डिंगवरून तोच आवाज घरी पुन्हा बनवता आला असता. पण सहीच्या कागदात तेही होतं. स्वतःचा आवाज काढला तर नाना स्वतःच्याच घरात चोर ठरत होते. नानांनी ती ओळ वाचली आणि पाटीवर लिहिलं, 'म्हणावं, बरणीत घालून लोणचं करा.'

पुढचे चार दिवस पाटीचे. शुक्रवारी नाना दुकानात आले. भाग्यश्री पट्टा तपासत होती. चिप तिच्याच टाळीवर ठणठणीत चालत होती, शब्द जुळत होते, फक्त म्हणायला आवाज नव्हता. नानांनी पाटी पुढं केली. आधीच लिहून आणलेली.

'तुझा घाल.'

"माझा?" ती हसली. "नाना, लोक काय म्हणतील? मैदानात बाईचा..."

त्यांनी पाटी पालथी केली. मागंही लिहिलेलं होतं. अक्षर बारीक, जपून काढलेलं. 'नऊ वर्षांची होतीस. ढाकच होता. मी चुकलो.'

मोटारीच्या वार्निशनं माखलेलं बोट तिनं डोळ्याला लावलं, म्हणून डोळे चुरचुरले, असं ती अजून सांगते.

तीन दिवस ती रेकॉर्डिंगसाठी बोलत राहिली. पेपर वाचला, आरत्या म्हटल्या, डावांची नावं म्हटली, शिव्याही दिल्या, कारण कुठला शब्द कधी लागेल सांगता येत नाही. चौथ्या दिवशी सकाळी शालन भाकरी थापत असताना मागून लेकीचा आवाज आला, "शालन, चहा टाक."

"आगं, आईला नाव घिऊन हाक मारतीस?" शालन उलथनं घेऊन वळली. भाग्यश्रीच्या तोंडात भाकरीचा घास होता. तिच्या शेजारी नाना बसले होते, ओठावर बोट ठेवून, डोळ्यांत पाणी. शालन एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं ते आवरेना. "आवं, टाकते की," ती म्हणाली.

वैशाखातलं पहिलं मोठं मैदान शेजारच्या गावचं. नाना ओला फेटा बांधून स्टेजवर उभे राहिले आणि भोंग्यातून बाईचा आवाज घुमला. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई कशाला बोलालीय?"

पाव सेकंदात उत्तर गेलं. "आवाज लेकीचा हाय, बोलणं हिंदुराव चौगुल्याचं! ज्याला खटकंल त्यानं कानात बोळं घालावं आन् डोळ्यानं कुस्ती बघावी!"

हशा उसळला, आणि त्यावर हलगी. भाग्यश्री स्टेजच्या पहिल्या पायरीवर बसली होती, शेजारी भरलेली घागर. यावेळी तिला कुणी 'हितं न्हाई यायचं' म्हटलं नाही. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली. तिची नजर पैलवानाच्या डाव्या पायावर गेली, आणि वर उभ्या बापाचीही तिथंच गेली.

"ढाक येणार!" भोंगा म्हणाला, आणि पायरीवरून तीही म्हणाली, त्याच आवाजात, एकदमच. पैलवान पडला तो त्यानंतर.